वाचक विचारतात : लांब पल्ल्याच्या रायफलीसाठी काडतूस कोणते घ्यावे?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे, कारण त्यातील बहुतेक मुद्दे पुढच्या पत्रांनाही लागू पडतात.

प्रश्न : मी बरीच वर्षे कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे राहतो आणि आता अमेरिकेचा नागरिक आहे. दर वर्षी म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीला जातो; यंदा एल्क या त्याहून बऱ्याच मोठ्या हरणाचा परवानाही मिळाला आहे. महिन्यातून एकदा क्लबच्या मैदानावर हजार यार्डांपर्यंतच्या पोलादी पट्ट्यांवर चाळीसेक फैरी झाडतो. या दोन्ही कामांसाठी एकच रायफल खास बनवून घ्यायची आहे. गनस्मिथ (बंदुका बनवणारे कारागीर) ७ मिमी पीआरसी हे काडतूस सुचवतात. क्लबमधील एक स्नेही २८ नॉस्लरचा आग्रह धरतात आणि ६.५ क्रीडमूर एल्कसाठी अपुरे असल्याचे सांगतात. माझा उजवा खांदा दुखरा आहे. काडतुसे मी घरी भरत नाही, दुकानातून घेतो. पालथे पडून, बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून ४०० यार्डांवरची दहा इंची पट्टी मी बहुतेक वेळा पहिल्या गोळीत टिपतो. त्यापुढे मात्र खात्री देता येत नाही.
— एक वाचक, फोर्ट कॉलिन्स

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे. शिकारीत गोळी किती लांब झाडावी हे काडतुसाने ठरत नाही, ते झाडणाऱ्याच्या हाताने ठरते. ज्या अंतरावर थंड (आधी न झाडलेल्या) नळीतून, मैदानी स्थितीत, पहिलीच गोळी दहा इंचांच्या वर्तुळात जवळजवळ हमखास बसते ते आपले शिकारीचे अंतर, आणि आपल्या बाबतीत ते आज ४०० यार्ड आहे. तेव्हा ४०० यार्डांवर एल्कला स्वच्छपणे मारण्याची ताकद असलेले, आणि त्याच वेळी वर्षभर दुखऱ्या खांद्याने मनापासून सराव करता येईल असे काडतूस कोणते, हा खरा प्रश्न आहे.

आधी ताकदीचे पाहू. कोलोरॅडोच्या नियमांनुसार एल्कसाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच आणि वजन किमान ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम) असावे लागते, गोळी आत शिरल्यावर पसरणारी असावी लागते आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पाउंड ऊर्जा असावी लागते. ही कायद्याची किमान अट झाली. तीनशे किलोपर्यंत भरणाऱ्या एल्क नरासाठी अनुभवी शिकारी लक्ष्यावर पोहोचताना १५०० फूट-पाउंड ऊर्जा असावी असे मानतात. हा आकडा निसर्गनियम नव्हे, पण सावधपणाचा म्हणून मला मान्य आहे. कारखान्यात भरलेल्या १४३ ग्रेनच्या क्रीडमूर शिकारी काडतुसात गोळी २७०० फूट प्रति सेकंद वेगाने निघते आणि समुद्रसपाटीच्या हवेत ४०० यार्डांवर तिच्यात १४७५ फूट-पाउंडांच्या आसपास ऊर्जा उरते. आपल्या स्नेह्यांचा आक्षेप बहुधा याच आकड्यावरून आलेला आहे.

पण आपण समुद्रसपाटीवर शिकार करणार नाही. वायव्य कोलोरॅडोतील एल्कचे रान आठ-नऊ हजार फुटांवर असते. नऊ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७६ टक्के असते, म्हणजे गोळीला होणारा विरोध जवळजवळ चतुर्थांशाने घटतो. तेथे ४०० यार्ड पार केलेल्या गोळीचा वेग समुद्रसपाटीवर साधारण ३०५ यार्ड पार केलेल्या गोळीइतका असतो आणि तिच्यात १६५० फूट-पाउंडांच्या जवळपास ऊर्जा असते. पंधराशेची मर्यादा तेथे पाचशे यार्डांच्या आसपास जाते. आपल्या अंतराला क्रीडमूर पुरते, आणि थोडी शिल्लक ठेवून पुरते.

७ मिमी पीआरसी यापेक्षा बलवान आहे यात शंका नाही. २०२२ साली आलेल्या या काडतुसात १७५ ग्रेनची गोळी ३००० फूट वेगाने निघते आणि ५०० यार्डांवर तिच्यात अजून २१०० फूट-पाउंडांहून अधिक ऊर्जा असते. वाऱ्यातही ती कमी सरकते. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात ५०० यार्डांवर क्रीडमूरची गोळी समुद्रसपाटीच्या हवेत सुमारे साडेचौदा इंच ढळते, ७ मिमी पीआरसीची सुमारे अकरा इंच. हा साडेतीन इंचांचा फरक जाहिरातीत मोठा दिसतो, पण प्रत्यक्ष रानात चूक कोठे होते ते पाहा. आपण वारा दहा मैलांचा धरला आणि दरीपलीकडे तो चौदा मैलांचा निघाला, तर क्रीडमूरची गोळी अंदाजापेक्षा सुमारे सहा इंच बाजूला जाते आणि पीआरसीची साडेचार इंच. म्हणजे जड काडतुसाने त्या चुकीतले दीड इंच वाचवले. उरलेले साडेचार इंच वारा वाचायला शिकल्याशिवाय वाचत नाहीत. वारा वाचायला शिकायचे तर फैरी झाडाव्या लागतात, आणि येथे आपला खांदा मध्ये येतो.

स्कोपसह (नेमाच्या दुर्बिणीसह) नऊ पाउंड भरणाऱ्या रायफलीत क्रीडमूरचा धक्का साधारण १२ फूट-पाउंडांचा असतो, त्याच्याहून जोरदार ६.५ पीआरसीचा सोळा-सतरा, ७ मिमी पीआरसीचा चोवीस-पंचवीस आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा तीसच्या जवळ. म्हणजे गनस्मिथांनी सुचवलेले काडतूस आपल्या खांद्यावर क्रीडमूरच्या दुप्पट धक्का देईल, आणि तो महिन्याला चाळीस वेळा. काहीजण म्हणतात की हरणाकडे पाहताना धक्का जाणवत नाही. ते खरे आहे, पण धक्क्याची धास्ती सरावाच्या मैदानावर शरीरात मुरते आणि शिकारीच्या क्षणी बाहेर येते. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर एखाद्या मित्राला आपल्या नकळत मॅगझिनमध्ये अधूनमधून डमी (दारू नसलेले) काडतूस भरायला सांगावे. डमीवर घोडा पडला की नुसता टक् असा आवाज येतो, आणि त्या क्षणी स्कोपमधील छेदरेषा पट्टीवर स्थिर राहिली तर सर्व ठीक आहे. पण नळीचे तोंड खाली गेले, डोळा मिटला किंवा खांदा पुढे आला, तर आपले शरीर न झालेल्या धक्क्याला आधीच उत्तर देते आहे असे समजावे. मोठ्या मॅग्नमच्या (जास्त दारूच्या काडतुसाच्या रायफलींच्या) अनेक अनुभवी मालकांच्या नळीचे तोंड या परीक्षेत इंच-दोन इंच खाली जाताना मी पाहिले आहे, आणि त्यांना स्वतःला त्याची कल्पनाही नसते.

नळीच्या तोंडाशी ब्रेक (वायू बाजूला सोडणारा छिद्रांचा तुकडा) बसवून धक्का बराच कमी करता येतो, हे मान्य. पण ब्रेकचा आवाज शेजारच्या माणसाला आणि आपल्या स्वतःच्या कानांना फार जाचतो, आणि रानात ऐन वेळी कान झाकायला सवड मिळेलच असे नाही. कोलोरॅडोत संघीय नोंदणी करून सप्रेसर (आवाज दाबणारे नळकांडे) बाळगता येतो. खर्चाची तयारी असेल तर ब्रेकपेक्षा तो केव्हाही बरा, म्हणून नळीच्या तोंडावर त्यासाठी आटे पाडून घ्यावेत.

२८ नॉस्लरबद्दल माझे मत स्पष्ट आहे : आपण ते घेऊ नये. २०१५ साली आलेले हे काडतूस ७ मिमीच्या गोळीमागे ८० ग्रेनच्या आसपास दारू जाळते; क्रीडमूर आपले काम बेचाळीसच्या आत भागवते. ती सारी उष्णता चेंबरपुढच्या (चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा), गोळीला फिरवणारे नळीच्या आतले आटे जेथे सुरू होतात त्या घशातून जाते. अशा नळीत बोरस्कोप घालून पाहिले तर घशातील पोलाद आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखे चौकटी-चौकटींनी तडकलेले दिसते, आणि आट्यांच्या धारा बोथटून पुढे पुढे सरकत गेलेल्या असतात. अशी नळी पुष्कळदा हजार फैरींच्या आतच अचूकता गमावते. ७ मिमी पीआरसी आणि ६.५ पीआरसी यांच्या नळ्या साधारण हजार ते दीड हजार फैरी टिकतात, क्रीडमूरची दोन ते तीन हजार. महिन्याला चाळीस म्हणजे वर्षाला पाचशेच्या जवळ. क्रीडमूरची नळी आपल्याला चार-पाच वर्षे पुरेल, २८ नॉस्लरची दुसरा हंगाम गाठेपर्यंत संपेल. वर्षातून दहा फैरी झाडणाऱ्या माणसाला हा हिशेब लागू नाही. तो आपल्याला लागू आहे.

दोन्ही कामे एका रायफलीकडून घ्यायची असल्याने काडतुसाच्या उपलब्धतेचाही विचार करावा. आपण घरी भरत नाही, म्हणजे दुकानात जे असेल ते आपले. सामान हरवले किंवा काडतुसे घरी राहिली, तर क्रेग किंवा मीकरसारख्या लहान गावातील दुकानात क्रीडमूरची पेटी मिळण्याची शक्यता मोठी आहे. नेमबाजीसाठी १४० किंवा १४७ ग्रेनच्या मॅच गोळीचे काडतूस वापरावे, पण तेच शिकारीला नेऊ नये. मॅच गोळी कागदावर वा पोलादावर अचूक बसण्यासाठी घडवलेली असते. हाडावर आपटल्यावर ती कशी वागेल याची हमी तिच्या निर्मात्यानेही घेतलेली नसते. एल्कसाठी शिकारी गोळीच हवी, आणि क्रीडमूर वापरायचे तर ती कणखर हवी : आवरण आणि शिसे एकमेकांना जोडलेली किंवा संपूर्ण तांब्याची. तांब्याची गोळी पसरायला अधिक वेग लागतो, साधारण २००० फूट प्रति सेकंद. आपल्या ४०० यार्डांत, त्या उंचीवर, तो मिळतो. खांद्याच्या जाड हाडावर नेम धरू नये, पुढच्या पायामागे फुप्फुसांवर धरावा, आणि एल्क पूर्ण आडवे उभे नसेल तर थांबावे. जनावर पाचशे यार्डांवर असेल तर ते चारशेच्या आत येईल असा मार्ग शोधणे हाच शिकारीचा भाग आहे, असे मी मानतो.

आता गनस्मिथांशी काय बोलावे ते सांगतो, कारण खास रायफल बनवताना बहुतेक चुका येथेच होतात. चेंबर कापण्याचा रीमर प्रमाणित मापाचा हवा, असे लेखी सांगावे. स्पर्धेचे हौशी नेमबाज केसची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) मान घट्ट बसेल असा चेंबर कापून घेतात, कारण ते प्रत्येक केसची मान घासून पातळ करतात. अशा चेंबरमध्ये कारखान्याचे काडतूस घातले तर गोळी सुटायला मानेला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. दुकानातील काडतुसे वापरणाऱ्याने घट्ट मानेचा चेंबर कधीही घेऊ नये.

नळी २४ इंचांची, मध्यम जाडीची आणि आठ इंचांत आट्यांचा एक फेरा असलेली घ्यावी. या फेऱ्याने १४७ ग्रेनची लांब गोळीही स्थिर राहते. फार बारीक नळी रानात हलकी वाटते, पण मैदानावर दहाव्या फैरीनंतर तापून नेम भटकवते. स्कोपसह एकूण वजन दहा पाउंडांच्या जवळ ठेवावे. ते डोंगर चढायला थोडे जड आणि स्पर्धेला थोडे हलके आहे. एकाच रायफलीला दोन कामे सांगितली की ही तडजोड स्वीकारावीच लागते.

यापुढचा मुद्दा दूरचा विचार करणाऱ्यांसाठी आहे. बोल्टचा (काडतूस चेंबरमध्ये ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याचा) पुढचा भाग केसच्या बुडाच्या मापाचा असतो : क्रीडमूर आणि .३०८ यांच्यासाठी .४७३ इंच, दोन्ही पीआरसी आणि बहुतेक मॅग्नमसाठी .५३२ इंच. आज काही खास ॲक्शनमध्ये (बोल्ट ज्यात सरकतो त्या रायफलीच्या मधल्या भागात) बोल्टचे डोके बदलता येते. अशी ॲक्शन लांब मापाची घेतली, तर आज क्रीडमूरची नळी लावता येईल, आणि चार वर्षांनी ती झिजल्यावर आपले अंतर सहाशे यार्डांपर्यंत वाढले असेल आणि खांदाही बरा असेल, तर त्याच रायफलीवर ६.५ पीआरसी किंवा ७ मिमी पीआरसीची नळी चढवता येईल. ७ मिमी पीआरसीच्या काडतुसाची लांबी ३.३४ इंच आहे, क्रीडमूरची २.८२५, आखूड ॲक्शनमध्ये पहिले मावतच नाही. लांब ॲक्शनमध्ये आखूड काडतूस सुरळीत चढावे म्हणून मॅगझिनमध्ये योग्य अडसर बसवून घ्यावा आणि रायफल ताब्यात घेण्यापूर्वी भरलेले मॅगझिन गनस्मिथांसमोर चालवून पाहावे.

तेव्हा माझा सल्ला असा : आजसाठी ६.५ क्रीडमूर, एल्कसाठी ४०० यार्डांची स्वतःची मर्यादा, आणि पुढच्या काडतुसासाठी वाट मोकळी ठेवणारी ॲक्शन. एल्क हे दरवर्षीचे काम ठरले आणि सरावाने आपले अंतर खरोखर वाढले, तर ६.५ पीआरसी ही मधली पायरी मला ७ मिमीपेक्षा अधिक योग्य वाटते. एक व्यावहारिक सूचना राहिली. फोर्ट कॉलिन्स पाच हजार फुटांवर आहे. तेथे उन्हाळ्यात तयार केलेला गोळीच्या उताराचा (कोणत्या अंतरावर ती किती खाली येते याचा) तक्ता नोव्हेंबरच्या थंडीत नऊ हजार फुटांवर जसाच्या तसा लागू पडत नाही. हंगामाच्या आदल्या दिवशी, जेथे परवानगी असेल तेथे, शिकारीच्या उंचीवर चार-सहा फैरी झाडून तक्ता तपासून घ्यावा.

प्रश्न : माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आहे. तिने मूस (एल्कहूनही मोठे हरीण) आणि एल्क दोन्ही मिळवून दिले. आता सगळे ७ मिमी पीआरसीबद्दल बोलतात. दोन्ही गोळ्यांचा व्यास तर एकच; मग फरक कशाचा?
— एक वाचक, कॅलगरी

उत्तर : फरक गोळीला मिळणाऱ्या जागेचा आणि नळीतील फेऱ्याचा आहे. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम १९६२ साली आले. त्या काळातील शिकारी गोळ्या आजच्यापेक्षा आखूड असत. त्या काडतुसाची केस २.५ इंच लांब आणि संपूर्ण काडतूस ३.२९ इंच, म्हणजे केसबाहेर गोळीला जेमतेम .७९ इंच मिळतात. आजची निमुळती, लांब नाकाची, १७५ किंवा १८० ग्रेनची गोळी या मापात बसवायची तर तिचे बूड केसमध्ये खोल ढकलावे लागते आणि दारूची जागा जाते. ७ मिमी पीआरसीची केस २.२८ इंच आणि काडतूस ३.३४ इंच, म्हणजे गोळीला बाहेर १.०६ इंच मिळतात. शिवाय जुन्या रायफलींत साधारण साडेनऊ इंचांत एक फेरा असतो, नव्यात आठ इंचांत एक. लांब गोळी स्थिर ठेवायला वेगवान फेरा लागतो.

७ मिमी रेमिंग्टनच्या केसच्या बुडाजवळच्या धातूच्या पट्ट्याचाही उल्लेख करायला हवा. तो १९१२ सालच्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमकडून वारशाने आला. त्या केसचा खांदा इतका उतरता होता की चेंबरमध्ये काडतुसाला टेकायला पट्ट्याची गरज होती. ७ मिमी रेमिंग्टनला चांगला टोकदार खांदा आहे, तरीही पट्टा राहून गेला. कारखान्याचे चेंबर पट्ट्यावर भरवसा ठेवून खांद्याशी सैल कापलेले असतात, त्यामुळे पट्ट्यापुढे केस ताणली जाते आणि पुन्हा पुन्हा भरल्यास तेथे तुटण्याचा धोका असतो. केस एकदाच वापरणाऱ्याला याचा त्रास नाही.

आपण लक्ष्यावरची हजार यार्डांची नेमबाजी सुरू करणार असाल तर नव्या काडतुसात अर्थ आहे. केवळ शिकारीसाठी, चारशे यार्डांच्या आत, जुन्या रायफलीतून २९४० फूट वेगाने निघणारी १६२ ग्रेनची आधुनिक गोळी मूसला पूर्णपणे पुरते. रायफल विकू नये. नळी झिजेल तेव्हा त्याच ॲक्शनवर ७ मिमी पीआरसीची नळी बसवता येते का ते गनस्मिथांकडून तपासून घ्यावे. बुडाचे माप तेच आहे आणि मॅगझिनची आतली लांबी पुरेशी असली की काम होते.

प्रश्न : मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर .३०८ने लाल हरणांची शिकार करतो आणि अधूनमधून ८०० यार्डांवर नेमबाजी करतो. .३०८ जुने झाले म्हणून बदलावे का?
— एक वाचिका, क्राइस्टचर्च

उत्तर : बदलू नये. १९५२ सालचे हे काडतूस वाऱ्यात क्रीडमूरपेक्षा थोडे मागे पडते आणि धक्काही थोडा अधिक देते, पण त्याची नळी पाच हजार फैरींच्या आसपास टिकते आणि लाल हरणाला ते कोणत्याही वाजवी अंतरावर पुरेसे आहे. न्यूझीलंडमध्ये सप्रेसर सर्रास वापरता येतो, म्हणून धक्क्याचाही प्रश्न फारसा उरत नाही. लांब पल्ल्याच्या एफ-क्लास स्पर्धेच्या एफ-टीआर गटात .३०८ आणि .२२३ ही दोनच काडतुसे चालतात, तेव्हा आपली नेमबाजी वाढली तर या काडतुसाला स्वतःचे मैदानही आहे. फक्त ८०० यार्डांसाठी १६८ ग्रेनची जुनी मॅच गोळी वापरू नये. ती ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी घडवली गेली आणि वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरला की डळमळते. १७५ किंवा १७८ ग्रेनची गोळी घ्यावी.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मित्रांसोबत शिकारीला जाण्यासाठी रायफल बनवून घेऊ शकतो का?
— एक वाचक, डॅलस

उत्तर : काडतुसाचा विचार करण्यापूर्वी कायद्याचा करावा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक वा काडतुसे बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे. यात मित्राची रायफल हाताळणेही येऊ शकते. या मनाईला जे थोडे अपवाद आहेत त्यांतील एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि त्यानंतर घरात बंदूक असणे हा गंभीर गुन्हा ठरून इमिग्रेशनवरही परिणाम होऊ शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही. एक पैसाही खर्च करण्याआधी इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा या दोन्हींची माहिती असलेल्या वकिलांचा सल्ला घ्यावा. रायफल वर्षभर थांबू शकते.

प्रश्न : आमची मुलगी ५० मीटर रायफल प्रकारात सराव करते. परदेशातील हजार यार्डांच्या नेमबाजीची चित्रे पाहून तिला त्याचे फार आकर्षण वाटते. आपल्याकडे अशी रायफल घेता येईल का, आणि तिच्या सध्याच्या सरावाचा पुढे उपयोग होईल का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : शिकारीचा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केली आणि ते योग्यच झाले. रायफलीसाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि लष्करी काडतूस वापरणारी बरीच मापे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. हजार यार्डांची रायफल हे आज तिचे उद्दिष्ट असू नये.

सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी आघात होऊन पेटणाऱ्या, मोठ्या रायफलींच्या) काडतुसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा मार्ग ३०० मीटर प्रकारातून जातो. ३०० मीटर फ्री रायफल ऑलिंपिकमध्ये शेवटची १९७२ साली म्युनिकला झाली, पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत हा प्रकार त्यानंतरही खेळला गेला. त्यात आठ मिलिमीटरपर्यंतचा व्यास चालतो आणि नेमबाजांची आवड ६ मिमी बीआर नॉर्मा या लहानशा काडतुसाकडे आहे. जगातील अत्यंत अचूक नेमबाज इतके सौम्य काडतूस निवडतात, हे मोठ्या मॅग्नमच्या मोहात पडलेल्यांनीही लक्षात घ्यावे.

तिच्या सध्याच्या सरावाचे मोल मात्र फार मोठे आहे. आपल्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचे (पालथे पडून नेमबाजीचे) जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (तीन शरीरस्थितींतील नेमबाजीचे) कांस्यपदक आणले. दोघांचेही काडतूस .२२ लाँग रायफल, म्हणजे ४० ग्रेनची गोळी आणि ध्वनीपेक्षा कमी वेग. अशी गोळी वाऱ्यात फार लवकर ढळते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला ५० मीटरवरच सुमारे एक इंच सरकवतो, आणि दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. दोनशे यार्डांवर तोच वारा तिला साधारण पंधरा इंच ढकलतो, म्हणजे ६.५ क्रीडमूरची गोळी ५०० यार्डांवर जेवढी ढळते जवळजवळ तेवढीच. म्हणूनच परदेशातील लांब पल्ल्याचे अनेक नेमबाज सरावासाठी .२२ वापरतात. मुलीला मैदानावरील वाऱ्याच्या झेंड्यांची नोंद वहीत ठेवायला सांगावे : फैर झाडताना झेंडा कोणत्या बाजूला व किती उचललेला होता, आणि गोळी कोठे लागली. तिला पुढे कोणतीही रायफल मिळाली तरी ही वही तिच्या उपयोगी पडेल.